शंभर किलोमीटरवरची बहीण

श्रोतेहो, नमस्कार.

पहिल्या महायुद्धात, 8 ऑगस्ट 1915 रोजी, एजियन समुद्रातल्या लेम्नॉस बेटावर तिसऱ्या ऑस्ट्रेलियन जनरल हॉस्पिटलच्या परिचारिका उतरल्या. पुढे बॅगपाइप वाजवणारा एक शिपाई, मागे रांगेनं परिचारिका, त्यांच्या मेट्रन ग्रेस विल्सन, आणि समोर नुसता दगडगोट्यांचा माळ. हॉस्पिटलचं सामान दुसऱ्या जहाजावर होतं. ते यायला तीन आठवडे लागले, पण जखमी काही सामानासाठी थांबले नाहीत. ते जमिनीवरच निजले, आणि परिचारिकांनी स्वतःचे कपडे फाडून पट्ट्या केल्या.

ऑस्ट्रेलियन फौज तुर्कांशी जिथं लढत होती तो गॅलिपोलीचा किनारा तिथून शंभरेक किलोमीटर. मे महिन्यात त्या किनाऱ्यावरच ग्रेसबाईंचा भाऊ ग्रेम मारला गेला होता.

भाऊ शिपाई आणि बहीण परिचारिका अशा जोड्या त्या फौजेत बऱ्याच होत्या. आपल्याला वाटेल, बहीण इतकी जवळ, म्हणजे तिला घरच्यांच्या आधी कळत असेल. पण लष्कराचा कागद बहिणीकडे जातच नसे. भरतीच्या फॉर्मवर जवळचा नातेवाईक म्हणून बहुतेक जण बापाचं किंवा आईचं नाव लिहीत. लग्न झालेला असेल तर बायकोचं. त्यामुळे बातमी पलटणीकडून इजिप्तमधल्या तळावर, तिथून तारेनं ऑस्ट्रेलियाला आणि मग घरी, असा फेरा घेई. घरचे मुलीला पत्र टाकणार, ते बोटीनं महिना-दीड महिन्यानं तिच्या हाती पडणार. तोवर ती भावाला पत्रं लिहीतच असायची.

जखमी भावाची वाट निराळी. आघाडीच्या मदतकेंद्रात पहिली पट्टी, मग स्ट्रेचरवरून किनारा, तिथून पडाव, म्हणजे सपाट तळाची मोठी होडी, आणि पुढं जहाज. जहाज कुठं जाणार हे जागा कुठं आहे त्यावर ठरे: लेम्नॉस, अलेक्झांड्रिया, नाहीतर माल्टा. म्हणून बहीण लेम्नॉसला असली तरी भाऊ तिच्या दारावरून पुढं निघून जायचा.

वाटेत त्याची ओळख म्हणजे गणवेशाच्या गुंडीला बांधलेलं कार्ड. नाव, नंबर, पलटण, जखम कुठं, धनुर्वातावरचं इंजेक्शन दिलं का, मॉर्फिन किती आणि केव्हा. लिहायला कॉपिंग पेन्सिल, म्हणजे ओली झाली की जांभळी होणारी. पडावात समुद्राचं पाणी उडालं की अक्षर फुटतं. कार्ड वाचता आलं नाही तर दुसरा माणूस मॉर्फिनची सुई पुन्हा देऊन बसतो, आणि अशक्त झालेल्या माणसाचा श्वास त्यात मंदावतो. आमच्या मते त्या पुठ्ठ्याच्या तुकड्याची किंमत औषधाइतकीच होती.

मेलेल्यांची ओळख गळ्यातल्या बिल्ल्यावर. 1915 मध्ये बिल्ला एकच असे. मृत्यूची नोंद करायला तो काढून नेला की प्रेतावर काहीच उरत नसे, आणि पुढं ती जागा उकरली गेली तर आतला माणूस कोण हे सांगता येत नसे. 1916 पासून दोन बिल्ले आले: हिरवा अष्टकोनी प्रेताबरोबर पुरायचा, तांबडा गोल काढून घ्यायचा. इतकी साधी गोष्ट सुचायला दोन वर्षं गेली.

भावाकडून बहिणीला लवकर मिळणारी खूण म्हणजे छापील पोस्टकार्ड. 'मी ठीक आहे', 'मला इस्पितळात दाखल केलं आहे', त्याखाली 'आजारी', 'जखमी', अशा ओळी छापलेल्या. लागू नसेल ती खोडायची, शेवटी सही आणि तारीख, बस. जास्तीचा शब्द लिहिला की कार्ड नष्ट करणार, अशी ताकीद वरच छापलेली. असं कार्ड हातात आल्यावर बहीण आधी तारीख बघणार, मग अक्षर. सही दुसऱ्याच्या हाताची वाटली, तर त्यातून काय समजायचं ते परिचारिकेला कुणी शिकवायला नको.

कार्डच आलं नाही तर? ऑक्टोबर 1915 मध्ये कैरोत व्हेरा डीकिन यांनी ऑस्ट्रेलियन रेडक्रॉसचं जखमी आणि बेपत्ता सैनिकांचं चौकशी कार्यालय सुरू केलं. पुढं ते लंडनला हललं. पद्धत अशी: बेपत्त्यांची नावं पलटणीप्रमाणे लावून याद्या करायच्या, त्या घेऊन इस्पितळांत फिरायचं आणि त्याच पलटणीचा जखमी सापडला की खाटेशी बसून विचारायचं. स्वतः पाहिलं की ऐकलं? किती अंतरावरून? तो दिसायला कसा होता? शेवटचा प्रश्न सगळ्यांत कामाचा, कारण एकाच पलटणीत एका आडनावाचे तिघेचौघे असत आणि सोबत्यांना खरं नाव माहीत नसे, नुसतं टोपणनाव. एक म्हणे उंच आणि लाल केसांचा, दुसरा म्हणे बुटका, काळा. अशा वेळी दोघांच्या जबान्या जशाच्या तशा फायलीत लावत.

आता आपल्या बाजूचं. 1916 पासून ऑस्ट्रेलियन परिचारिका मुंबईतही होत्या. मेसोपोटेमियातले, म्हणजे आजच्या इराकमधले, जखमी आणि आजारी बसऱ्याहून बोटीनं इथं येत. उन्हाळा, हगवण, कॉलरा, मलेरिया या सगळ्याशी त्यांची गाठ पडली, आणि काही जणी इथंच वारल्या.

अशी भावंडं शोधायची असतील तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या आणि परिचारिकांच्या फायली इंटरनेटवर फुकट बघता येतात. आडनावावर भिस्त ठेवू नका, एका आडनावाची शेकडो माणसं निघतात. दोन्ही फायलींत जवळच्या नातेवाइकाचा रकाना काढा आणि नाव व पत्ता ताडून बघा. पत्ता बदलला असेल तर जुना खोडून वर नवा लिहिलेला असतो; तोही वाचा. दोन्हीकडे तोच बाप, तेच गाव आणि तीच खाडाखोड दिसली, की जोडी सापडली.

नमस्कार.