एक अक्षर चुकलं तरी डीएनए चिकटतोच!

नमस्कार मंडळी! डीएनएतलं एक चुकलेलं अक्षर पकडणाऱ्या सेन्सरच्या व्हिडिओखाली एकच कॉमेंट सारखी येतेय: ‘अक्षर चुकलं की डीएनए चिकटणारच नाही, मग यात अवघड काय?’ (अक्षरं म्हणजे ए, टी, जी, सी हे डीएनएचे बेस; ए-टी आणि जी-सी या बरोबर जोड्या.)

पाया पटकन उरकतो. सोन्याचा इलेक्ट्रोड, त्यावर थायॉलने, म्हणजे सोन्याला धरून बसणाऱ्या गंधकाच्या गटाने, बांधलेला एकेरी डीएनए, म्हणजे प्रोब. मधल्या रिकाम्या जागा मर्कॅप्टोहेक्झॅनॉल या छोट्या थायॉल रेणूने भरायच्या. नमुन्यातला जोडीदार धागा येऊन बसला की करंट बदलतो. झालं.

आता खरी गोम. २० अक्षरांतलं १ चुकलं तर उरलेली १९ काय रुसून बसतात? अहो, चिकटतातच! फक्त पकड सैल होते, जोडी काही अंश कमी तापमानाला सुटते. तेवढ्याच फटीत आपल्याला काम साधायचं असतं. थंड ठेवलंत तर बरोबर आणि चुकीचा दोन्ही धागे प्रोबला चिकटलेले, जास्त तापवलंत तर दोन्ही सुटलेले.

मिठाचंही तेच. डीएनएचे धागे ऋणभारित, एकमेकांना ढकलणारे. मीठ ही ढकलाढकली शमवतं, म्हणजे मीठ जास्त झालं की चुकीचा धागाही सुखाने बसतो. मी दोन दिवस इलेक्ट्रोड बदलत बसलो होतो, बरोबर आणि चुकीच्या, दोन्ही नमुन्यांचे आलेख जुळ्या भावंडांसारखे. शेवटी कळलं, धुण्याच्या द्रावणात, म्हणजे बफरमध्ये, मीठ दहापट पडलं होतं. माझ्याच हातून! इलेक्ट्रोडला शिव्या मात्र मनसोक्त घालून झाल्या होत्या.

आणि चूक कुठे आहे? टोकाला असेल तर जोडीला फारसं जाणवतही नाही, मधोमध असेल तर जाणवतं. जी-टी ही चुकीची जोडी तर बऱ्यापैकी घट्ट बसते. म्हणून प्रोब बनवताना संशयित अक्षर मधे घ्या. सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात जीएजीचं जीटीजी होतं ना, तो ए प्रोबच्या मध्यावर आला पाहिजे. हे मी तिसऱ्यांदा सांगतोय, पुढच्या व्हिडिओतही सांगेन.

एकांनी विचारलंय, चिकटण्यावर अवलंबून न राहता चूक पकडता येते का? येते. १९९९ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जॅकलिन बार्टन यांच्या गटाने दाखवलं: इलेक्ट्रॉन एकावर एक रचलेल्या बेसच्या चळतीतून जातात. मधे एक बेस नीट बसला नाही की वाट बिघडते आणि मेथिलीन ब्लूचा, म्हणजे डीएनएला चिकटून इलेक्ट्रॉन घेणाऱ्या रंगद्रव्याचा, सिग्नल पडतो. गंमत म्हणजे इथे चुकीचा धागा चिकटलेलाच हवा! सुटला, तर करंट चुकीमुळे पडला की प्रोब रिकामा राहिल्यामुळे, हे ओळखणार कसं?