तीन मापांचे रूळ आणि एक छोटं स्टेशन

नमस्कार, श्रोतेहो.

ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची तिन्ही मापं एकाच स्टेशनात, हे मिरजेच्या जुन्या मंडळींनी डोळ्यांनी पाहिलंय. मिरजेत आता ते दिवस राहिले नाहीत. फ्रान्समध्ये मात्र पिरेनीज पर्वतात, स्पेनच्या सीमेला खेटून असलेल्या एका छोट्या स्टेशनात तीन मापं आजही शेजारीशेजारी नांदतात. नाव लातूर-द-कारोल. आपलं लातूर नव्हे, हे मुद्दाम सांगतो.

इथं तीन बाजूंनी तीन लाइनी येतात आणि तिन्ही इथंच संपतात. तुलूझहून येणाऱ्या फ्रेंच लाइनचं माप १४३५ मिलिमीटर. बार्सिलोनाहून येणाऱ्या स्पॅनिश लाइनचं १६६८, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा जेमतेम ८ मिलिमीटर कमी. तिसरी आहे मीटरगेजची ‘पिवळी गाडी’, जी १९२७ साली इथवर पोचली. विजेचीही तीच तऱ्हा. तुलूझच्या लाइनवर १५०० व्होल्ट डीसी, ज्यावर मुंबईच्या लोकल कित्येक दशकं धावल्या. स्पॅनिश लाइनवर ३०००. पिवळ्या गाडीच्या डोक्यावर तारच नाही. रुळाशेजारी जमिनीलगत तिसरा रूळ टाकलाय, त्यातून ती ८५० व्होल्ट घेते. तिथं रूळ ओलांडायचा मोह जिवावर बेतू शकतो.

आता सिग्नलकडे येऊ. फ्रेंच सिग्नलमध्ये लाल आणि लाल यांत फरक असतो. एकच लाल दिवा असला तर त्याला ‘सेमाफोर’ म्हणतात. स्वयंचलित सिग्नल असलेल्या लाइनवर तिथं थांबून मग, पुढचं नजरेनं पाहत, सावकाश निघता येतं. दोन लाल दिवे एकत्र लागले की तो ‘कारे’. तिथं वेगळी परवानगी हातात पडल्याशिवाय एक पाऊलही पुढे नाही. सांध्यांचं, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते त्या जागांचं, रक्षण हाच कारे करतो. यार्डातल्या, सायडिंगच्या, म्हणजे गाड्या बाजूला उभ्या करायच्या रुळांवर हेच काम जांभळा दिवा करतो. शेजारच्या मुख्य लाइनवरून येणाऱ्या ड्रायव्हरनं यार्डातला लाल आपलाच समजून उगाच ब्रेक दाबू नये, म्हणून हा वेगळा रंग. मला स्वतःला फ्रेंच सिग्नलमधली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

रुळांच्या मधोमध नजर टाकली तर जागोजागी एक लांबट, नागमोडी पाठीची धातूची पट्टी दिसते. रेल्वेवाले तिला ‘क्रोकोडील’, म्हणजे मगरच म्हणतात. १८७२ साली फ्रान्सच्या उत्तर रेल्वे कंपनीनं ती बसवायला सुरुवात केली. इंजिनाच्या पोटाखाली तारांचा ब्रश असतो. तो पट्टीला घासला की सिग्नलच्या स्थितीप्रमाणे ड्रायव्हरच्या केबिनमध्ये इशारा वाजतो. ड्रायव्हरनं ठरल्या वेळात बटण दाबून ‘कळलं’ असं सांगितलं नाही, तर ब्रेक आपोआप लागतात. दीडशे वर्षं झाली, मगर अजून कामावर आहे!

छोट्या स्टेशनात गाड्या कमी, तेव्हा धोकाही कमी असणार, असं आपण धरून चालतो. पण ३ ऑगस्ट १९८५ ला फ्रान्समधल्याच फ्लोजाक गावाजवळ एकेरी लाइनवर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. समोरून दुसरी गाडी यायची होती, तरी एका लहान स्टेशनातून पहिलीला सोडण्यात आलं होतं. वर्दळ नसली की बरंच काही माणसाच्या आठवणीवर सोपवलं जातं, आणि आठवण चुकते.

आठवणीवर विसंबावं लागू नये, म्हणून छोट्या स्टेशनांसाठी एक साधं, स्वस्त साधन निघालं. त्याचं नाव बूरेचं कुलूप. प्रत्येक सांध्याला कुलूप आणि प्रत्येक कुलपाची वेगळी किल्ली. सांधा मुख्य लाइनला नीट लावून बंद केला, तरच किल्ली बाहेर निघते. ती किल्ली सिग्नलच्या कुलपात घातल्याशिवाय सिग्नल खुला होत नाही, आणि सिग्नल खुला असेपर्यंत किल्ली तिथंच अडकून राहते. बँकेतल्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसाच हा प्रकार. ना वीज, ना तारा. सांधा सायडिंगकडे वळवलेला असताना मुख्य लाइनचा सिग्नल खुला करणं हातांनाच जमू नये, एवढी सगळी योजना.

कमी वर्दळीचा आणखी एक शत्रू म्हणजे गंज. गाडी रुळावर आहे की नाही, हे ओळखायला रुळांतून हलका विद्युतप्रवाह सोडतात. गाडीची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, तेवढ्यानं तो प्रवाह पलीकडच्या टोकाला पोचत नाही, आणि सिग्नलला कळतं की इथं गाडी आहे. पण दिवसातून दोन-चारच गाड्या जाणाऱ्या रुळावर गंजाचा पापुद्रा धरतो. त्यावर हलकी डिझेल गाडी उभी राहिली, की चाक आणि रूळ यांचा संपर्कच नीट होत नाही. रुळावर अख्खी गाडी उभी, आणि यंत्रणेच्या लेखी रूळ रिकामा! पानगळीत, पानांचा चिकट थर चढला की आणखी पंचाईत. त्यावर फ्रेंच अभियंत्यांनी काढलेला तोडगा असा: सलग प्रवाहाऐवजी जास्त दाबाचे, क्षणभराचे झटके सोडायचे. झटक्यानं गंजाचा पापुद्रा भेदला जातो आणि गाडी पुन्हा यंत्रणेला दिसू लागते. विजेचा सरासरी खर्चही फार वाढत नाही, कारण झटका क्षणाचाच.

पॅरिसहून रात्री सुटणारी गाडी सकाळी लातूर-द-कारोलला पोचते. तिथून बार्सिलोनाला जायचं असेल, तर सामान उचलून १६६८ च्या रुळाकडे चालत जावं लागतं.