कोरियन सिरियली आणि आमचे आप्पा

नमस्कार मंडळी. भरीत तयार आहे, तुम्हाला भूक लागलीय, त्यामुळे लांबवत नाही. (ओव्हनमध्ये भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणायचं का ते भरितासाठी नावाजलेल्या बामणोदच्या मंडळींनी मला नंतर बाजूला घेऊन सांगा, इथे परदेशात तुराट्या पेटवल्या असत्या तर फायर ब्रिगेडच जेवायला आली असती.)

परवा घरात मोठ्ठं भांडण झालं. लेक सोळा वर्षांची. मी म्हटलं आपल्या खानदेशी मंडळाच्या मेळाव्याला चल, ती म्हणे मैत्रिणीकडे कोरियन सिरियलचे शेवटचे दोन भाग बघायचेत. मग काय, संस्कृती, मातृभाषा, आपली कानबाई देवी, तिच्या नैवेद्याचे रोट, सगळं काढलं मी. तर ती म्हणाली, "बाबा, त्या सिरियलीत कोणी घरी आलं की आधी विचारतात जेवलीस का. तुमच्या मंडळात मला विचारतात मार्क किती, मग कॉलेज कुठलं. पुढे कोणी काही विचारतच नाही." आणि गेली.

आता खरं सांगायचं तर सिरियल बाहेरची म्हणून आपण ओरडावं असं आपलंही काही नाही. १९८४ ला 'हम लोग' लागायची ना, ती कल्पनाच मेक्सिकोची. वसंत साठे माहिती-प्रसारण मंत्री होते, तिकडे जाऊन आले, तिथे मालिकांमधून लोकांना कुटुंब नियोजन वगैरे शिकवायचे ते बघून आले आणि दूरदर्शनवर आपली पहिली मालिका आली, दीडशेच्या वर भाग. आम्ही अमळनेरला शेजारच्यांच्या ओट्यावर बसून खिडकीतून बघायचो. शेवटी अशोककुमार यायचे, आठवतंय ना? त्या दादामुनींना पोरापोरींची ढिगांनी पत्रं गेली, आमच्या आईबापांना समजवा, आम्हाला पसंतीनं लग्न करू द्या म्हणून. म्हणजे बघा, बाप बाजूच्या खाटेवर बसलाय आणि पोरगं पत्र लिहितंय टीव्हीतल्या माणसाला.

माझ्या लेकीच्या ग्रुपमध्ये एक व्हिएतनामी, एक मेक्सिकन, एक आपली नागपूरची, आणि चौघींना धरून ठेवलंय या सिरियलींनी. एकमेकींकडे राहतात, नूडल्स करतात, रडतात. मला त्यातलं सगळं पटतं असं नाही. त्या नटांसारखी चकचकीत त्वचा पाहिजे म्हणून पॉकेटमनी क्रीममध्ये जातो, आणि हिरो मनगट धरून पोरीला ओढत नेतो त्याला या रोमँटिक म्हणतात. पण आपल्या हिंदी पिक्चरमधला हिरो काय वेगळं करायचा, आणि आपण तर शिट्ट्या मारायचो. (मी स्वतः एकदा पाणी प्यायला उठलो आणि रात्री दोनपर्यंत उभ्या उभ्या चार भाग बघितले, बायको साक्षीदार आहे, तिनेच खुर्ची आणून दिली.)

पण ते जेवलीस का डोक्यातून जात नाही हो. आपण मंडळात पोरांना काय देतो? गणपतीत ढोल, दिवाळीत फॅशन शो, आणि मग दोन तास सत्कार. पोरं मागच्या रांगेत मोबाईलवर. कमिटीला मी सुचवलं एक दिवस पोरांना ठरवू द्या, आपण फक्त भाकरी थापू. उत्तर आलं, बजेट नाही. भाकरीला बजेट?

आणि गंमत म्हणजे याच सिरियलींमुळे माझी लेक आणि अमळनेरची पुतणी, ज्या आधी व्हिडिओ कॉलवर "हाय", "काय करी ऱ्हायनी" याच्या पुढे कधी गेल्या नाहीत, त्या आता तासन् तास बोलतात. तिकडे ती हिंदी डबिंगमध्ये बघते, गच्चीवर जाऊन, कारण खाली आप्पा, म्हणजे माझे मोठे भाऊ, बातम्या लावून बसलेले.

तर भांडणानंतर लेकीने मला पुतणीचा निरोप दिला. आप्पांनी स्थळं बघायला सुरुवात केलीय, एक नंदुरबारचं जवळजवळ पक्कं. तिला अजून दोन वर्षं पुण्याला शिकायचंय. "काकांना सांग ना, आप्पांशी बोला म्हणावं." दादामुनी कोण हे पोरीला माहीत पण नाही, आणि पत्र मात्र माझ्या नावावर आलं.

फोन केला तर आप्पा म्हणणार, तुझ्या पोरीने माझ्या पोरीला बिघडवलं, तिकडे बसून तुला काय जातं बोलायला. तेही अगदीच खोटं नाही. नंदुरबारवाले रविवारी बघायला येतायत, आणि अजून मी फोन केलेला नाही.

चला, पानं मांडा.