लॉगमधल्या ओळी आणि त्यामागची माणसं

संशोधनाचा डेटा सर्व्हरवर सगळ्यांसाठी खुला ठेवणं हे माझं काम. मार्च जवळ आला की प्रश्न येतो: तुमचा डेटा किती जणांनी वापरला? पैसे देणाऱ्यांना तो विचारायचा पूर्ण हक्क आहे. उत्तर शोधायचं सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये. तिथे एका मागणीची एक ओळ उमटते: कुठल्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या जोडणीचा क्रमांक), किती वाजता, कोणती फाइल, निकालाचा कोड काय, किती बाइट गेले आणि मागणारा प्रोग्राम स्वतःला काय म्हणवतो. माणसाचं नाव नसतं. त्याने पुढे त्या फाइलचं काय केलं, तेही नसतं.

मी आधी सरळ ओळी मोजायचो. हवामानाच्या डेटाचा एक सर्व्हर माझ्याकडे होता. एका महिन्यात आकडा एकदम चढला आणि मी तो हौसेने अहवालात घातला. नंतर एका रात्री तो लॉग उघडून ओळ न् ओळ वाचली. पत्ता एकच, फाइलही एकच, जवळजवळ दोन जीबीची. कोड २०६. २०० म्हणजे अख्खी फाइल दिली, २०६ म्हणजे तिचा तुकडा दिला. बाइटचे आकडे लहान लहान, मध्येच पंधरा-वीस मिनिटं सामसूम, मग पुन्हा सुरू. दोन रात्री असंच. सगळ्यांची बेरीज केली तर जेमतेम एक फाइल भरली. लाइन तुटत होती आणि कुणीतरी चिकाटीने तुटल्या जागेपासून पुन्हा उतरवून घेत होतं. ज्याची लाइन सर्वांत वाईट, तो माझ्या तक्त्यात सर्वांत मोठा वापरकर्ता ठरला होता!

याच्या उलटही होतं. अख्खं विद्यापीठ एकाच पत्त्यामागून बाहेर पडतं, आणि पन्नास विद्यार्थी लॉगमध्ये एक माणूस होऊन बसतात. ओपेनडॅपने, म्हणजे मोठ्या फाइलमधला हवा तेवढाच भाग नेटवरून मागायच्या पद्धतीने, डेटा दिला, तर प्रोग्राम आधी रचना विचारतो, मग वर्णन, मग प्रत्यक्ष आकडे. प्रश्न एक, ओळी तीन. शिवाय सर्च इंजिनांचे बॉट, म्हणजे आपोआप पानं चाळणारे प्रोग्राम, रात्रंदिवस फिरत असतातच.

म्हणून नियम लागतात. ऑनलाइन वापर कसा मोजायचा याचे नियम ठरवणारी काउंटर नावाची संस्था आहे. संशोधन-डेटासाठी तिची आचारसंहिता २०१८ साली आली. एकाच माणसाने तीच गोष्ट ३० सेकंदांच्या आत पुन्हा मागितली तर ती एकदाच धरायची, बॉट वगळायचे. पण डेटा आपोआप उतरवायला संशोधकाने लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, बॉट नव्हे, तिच्या मागे माणूस असतो. म्हणून यंत्राने केलेला वापर वेगळ्या रकान्यात दाखवायचा. हा रकाना मला फार मोलाचा वाटतो. आजचं विज्ञान बरंचसं स्क्रिप्टमधूनच चालतं.

या कामात मला सर्वांत जास्त शिकवलं ते स्कायसर्व्हर या खगोलशास्त्राच्या डेटाच्या साइटने. न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंटच्या २.५ मीटर दुर्बिणीने आकाशाचं स्लोन सर्वेक्षण झालं, आणि त्याचा डेटा २००१ मध्ये या साइटवर सगळ्यांना खुला झाला. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे, खगोलशास्त्रज्ञ अलेक्स सालाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे पानांच्या मागण्यांसोबत लोकांनी लिहिलेली एसक्यूएल क्वेरीही, म्हणजे डेटाबेसला त्याच्या भाषेत विचारलेला प्रश्नही, लॉगमध्ये ठेवली. त्यामुळे कुणी एकच दीर्घिका पाहिली की अख्खा तक्ता चाळला, हे कळतं. पहिल्या पाच वर्षांचा हिशेब त्यांनी २००६ मध्ये मांडला, तेव्हा बॉट आणि माणसं निरनिराळी काढायला त्यांना बरीच मेहनत करावी लागली. वापर मोजायचा असेल तर लॉग कसा लिहायचा हे सर्व्हर उभारतानाच ठरवावं लागतं. मागाहून नुसत्या ओळींतून प्रश्न काय होता ते उकलत नाही.

आयपी पत्ता म्हणजे कुणाच्या तरी घराचा माग, हेही विसरू नका. मोजणी झाली की तो पुसा, किंवा ओळखू येणार नाही असा करून ठेवा.

त्या दोन जीबीच्या फाइलचं सांगायचं राहिलं. आम्ही ती दिवसावार तोडून छोट्या छोट्या फाइली करून ठेवल्या. पुढच्या महिन्यात २०६च्या ओळी जवळजवळ गेल्या, एकूण आकडा घटला. अहवालात तो घटलेलाच लिहिला, आणि का घटला हेही खाली लिहिलं.