काळी एक की पांढरी दोन? पियानोचा ब्लूज क्लॅरिनेटवर

[दृश्य: बाहेर पाऊस. बेळगावच्या कॅम्प भागातली एक खोली. डिजिटल पियानोवर पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली पानं. शेजारी उघडी पेटी, तिच्यात क्लॅरिनेटचे पाच तुकडे.]

बेळगावात क्लॅरिनेट कुणाला नवं नाही. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत बँडबरोबर ते असतंच. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटरही याच गावात, त्यामुळे लष्करी बँडही कानाच्या ओळखीचा. पण समोरच्या पानावर जे आहे ते वरातीत वाजत नाही. अमेरिकन रचनाकार जॉर्ज गर्शविनच्या तीन प्रेल्यूड्सपैकी, म्हणजे छोट्या रचनांपैकी, हे दुसरं. १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये गर्शविननं ही स्वतः वाजवली, पुढच्या वर्षी ती छापून आली. लिहिलीत फक्त पियानोसाठी. दुसऱ्याला तो एक प्रकारची ब्लूज अंगाई म्हणायचा. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दुखऱ्या सुरांचं गाणं.

ही रचना पियानोच्या साथीनं क्लॅरिनेटला द्यायची कशासाठी? कारण पियानोला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, येत नाही. ब्लूजमधला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी हलत असतो. पियानोवर त्या मधल्या जागेला पट्टीच नाही, म्हणून पियानोवादक कोमल ग निसटता दाबून लगेच शुद्ध ग वर येतो. म्हणजे पियानो मींडेची नक्कल करतो. क्लॅरिनेटला नक्कल करावी लागत नाही. (दोन्ही गंधार ऐकून आपल्याकडे कुणाला राग जोग आठवेल. आठवू दे, पण जोगाची चाल इथं घुसवू नये.)

[दृश्य: पियानोच्या पट्ट्या, जवळून. बोट काळी एकवर.]

पहिलं काम पट्टी, म्हणजे षड्ज कुठल्या सुरावर धरायचा ते, ठरवण्याचं, आणि निम्मं यश-अपयश इथंच ठरतं. मूळ रचना सी-शार्प मायनरमध्ये, म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेत काळी एक. इथल्या बँडवाल्यांच्या हातात असतं बी-फ्लॅट क्लॅरिनेट. त्यावर सी वाजवला की ऐकू येते काळी पाच, म्हणजे पूर्ण एक सूर खाली. म्हणून त्याचा कागद एक सूर वर लिहावा लागतो. काळी एकचा कागद मग डी-शार्प मायनरचा होतो: सहा शार्प, म्हणजे सूर अर्ध्यानं चढवायच्या सहा खुणा. वाचायला त्रास होतो, पण तो खरा अडथळा नव्हे. खरा अडथळा पंचमाचा. मधल्या सप्तकातला या पट्टीचा पंचम क्लॅरिनेटवर, खालचे सूर संपत येतात तिथल्या, 'घशातल्या' बी-फ्लॅटवर पडतो, आणि तो या वाद्याचा सगळ्यात कोरडा सूर. नळीचा अगदी वरचा तुकडा तेवढा बोलतो, बाकीचं लाकूड गप्प.

ए क्लॅरिनेट असेल तर प्रश्न मिटतो: कागद ई मायनरचा, एकच शार्प. पण केवळ या तीन-चार मिनिटांसाठी दुसरं वाद्य कोण घेणार? मग पट्टी हलवायची. अर्धा सूर खाली, पांढरी एक, हा पहिला मोह. कागद डी मायनरचा, सोपा. पण पंचम घशातल्या ए-वर येतो, तोही पातळच, आणि खालच्या सप्तकातला षड्ज वाद्याच्या बाहेर जातो. बी-फ्लॅट क्लॅरिनेट मधल्या सी-च्या खालच्या पांढरी दोनपर्यंतच उतरतं.

म्हणून अर्धा सूर वर: पांढरी दोन. कागद पुन्हा ई मायनरचा, बोटं ए क्लॅरिनेटचीच. पंचम ब्रेकच्या (घशातले सूर संपून वरचे सुरू होतात त्या जागेच्या) वर, पूर्ण नळीतून, भरीव येतो. आणि तळाचा शेवटचा सूर हाच षड्ज होतो. गाणं अर्ध्या सुरानं उजळतं, ते चालवून घ्यावं.

डिजिटल पियानो असेल तर ट्रान्सपोजचं बटण अधिक एकवर ठेवून पियानोवादक मूळ पान आहे तसं वाचू शकतो. लाकडी पियानो असेल तर मात्र नवं पान लिहायलाच हवं.

आता मींड. ती कुठेही घेता येत नाही. घशातले सूर चाव्यांवर असतात. उघडं भोक नाही, त्यामुळे बोट सरकवायला जागा नाही, आणि ओठ सैल केला तरी सूर फारसा हलत नाही. ब्रेकच्या वर, वरच्या भागात, सूर ओठानं अर्धा सूर खाली येतो. म्हणून दोन गंधारांची जागा मधल्या सी-पासूनच्या सप्तकात नव्हे, त्याच्याही वरच्या सप्तकात ठेवायची. बोटं शुद्ध ग-ची, ओठ सैल, आणि मग सावकाश आवळत वर. रीड, म्हणजे तोंडाशी थरथरणारी बोरूची चकती, अडीच नंबरची बरी. तीनची कडक पडली तर मींड मधेच अडकते, दोनची असेल तर वरचा सूर उतरतो.

[दृश्य: दोन पानं शेजारी शेजारी. मूळ पानावर लाल पेन्सिलीची वर्तुळं.]

मग पियानोचं पान. चाल उचलून क्लॅरिनेटला दिली आणि उरलेलं पियानोला ठेवलं, म्हणजे काम झालं असं वाटतं. तसं होत नाही. अशा रचनेत बऱ्याचदा कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा) वरचा सूर हाच चालीचा सूर असतो, आणि कॉर्डला रंगही तोच देतो, मूळ सुरापासून सातवा किंवा नववा. तो काढला की खाली राहतो साधा तीन सुरांचा कॉर्ड, प्रार्थनेच्या पुस्तकातल्यासारखा. यावर तपासणी सोपी आहे. पियानोचं पान एकटं वाजवून बघायचं. जिथं ब्लूज जाऊन नुसती प्रार्थना उरली, तिथं लाल वर्तुळ. त्या जागी हरवलेला सूर कॉर्डमध्ये एक सप्तक खाली परत घालायचा.

पण सगळीकडे घालायचा नाही. क्लॅरिनेट गंधार वर ओढत असताना पियानोनं तोच गंधार ठाम मारला, तर मींड बेसूर वाटते. ऐकणाऱ्याला वाटतं, क्लॅरिनेटवाला चुकला. तिथं पियानोनं गंधार सोडून द्यावा.

उजवा हात रिकामा झाला म्हणून त्यात नवीन नक्षी भरू नये. हौशी मांडणी सगळ्यात जास्त इथंच फसते. उजव्या हाताला खरं काम आहे: डाव्या हाताला न पोचणाऱ्या रुंद अंतरांमधला वरचा सूर घेणं. लहान पंजाच्या वादकाला तुटक तुटक वाजवावं लागत होतं, ते आता सलग होतं. सूर लांबवणारं पेडलही लवकर बदलता येतं, कारण चाल धरून ठेवायची जबाबदारी आता पेडलवर नाही.

मधल्या भागात पट्टी मायनरची मेजर, म्हणजे शुद्ध गंधाराची, होते. मूळ रचनेत तिथं चाल डाव्या हातात खाली जाते. ती क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकाला द्यायची, हा भाग जणू त्यासाठीच लिहिलाय. एकच अट: पांढरी दोनच्या खाली एकही सूर गेला तर तेवढा सूर नव्हे, पूर्ण वाक्य वरच्या सप्तकात न्यायचं. वाक्याच्या मध्ये उडी मारली की चाल लंगडते. आणि कॉर्ड क्लॅरिनेटच्या वरच ठेवायचे, त्याच सप्तकात आले तर खालचा मऊ आवाज बुडतो.

लय: लिहिलंय तसंच. जॅझ म्हटलं की सुरांच्या प्रत्येक जोडीला झोका द्यायचा, म्हणजे पहिला लांब आणि दुसरा आखूड करायचा, हे इथं चालत नाही. गर्शविननं झोका हवा तिथं तो ठिपक्यांनी लिहून ठेवलाय.

कागद म्यूझस्कोरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करता येतो. सगळं ऐकू येणाऱ्या सुरांत भरायचं, आणि क्लॅरिनेटचा कागद छापण्यापूर्वी कॉन्सर्ट पिच (ऐकू येणारे सूर दाखवणारं बटण) बंद करायचं. ते विसरलं तर पहिल्याच सुराला दोघांमध्ये पूर्ण एका सुराचा फरक पडतो.

हक्कांचं थोडक्यात. भारतात कॉपीराइट रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. गर्शविन १९३७ साली गेला, त्यामुळे त्याच्या मूळ रचना इथं मोकळ्या. जॅझच्या वळणाचं पियानोसंगीत लिहिणारे निकोलाय कापुस्तिन मात्र २०२० साली गेले, त्यांच्या रचनांना परवानगी लागते. गर्शविनच्या याच प्रेल्यूड्सची याशा हायफेट्झनं व्हायोलिनसाठी केलेली मांडणी अजून हक्काखाली आहे. तिची नक्कल करू नये.

[दृश्य: क्लॅरिनेट जोडलं जातंय. बॅरलच्या सांध्याशी कॅमेरा.]

पावसाळी सकाळी थंड क्लॅरिनेट उतरलेलं असतं. आधी दहा मिनिटं वाजवून ते गरम करायचं, मगच सूर जुळवायचा. चढलं तर बॅरल, म्हणजे मुखाखालचा छोटा तुकडा, एक मिलिमीटर बाहेर. दोनपेक्षा जास्त ओढलं की घशातले सूर बाकीच्यांपेक्षा जास्त उतरतात.

[दृश्य: तालीम. पियानोवाली मुलगी कानडीत मात्रा मोजते: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. थांबते.]

"मामा, तिथं श्वास घेऊ नका की. वाक्य तुटतंय."

"अगं, मग कुठं घेऊ?"

मिनिटाला ८८ मात्रा धरल्या तर चार-चार मात्रांचे चार बार म्हणजे जवळजवळ अकरा सेकंद. एवढं एका दमात निघतं, आठ बार निघत नाहीत. चौथ्या बारच्या शेवटच्या सुराची पाव मात्रा कापून तिथं श्वास बसवायचा, आणि पियानोच्या पानावरही तीच खूण करायची, म्हणजे त्या फटीत डावा हात पुढे पळणार नाही.

[दृश्य: पेन्सिल. दोन्ही पानांवर, एकाच जागी, स्वल्पविराम.]