बरणी टिकते, झाकण नाही

(दृश्य : गच्ची. टाकीच्या नळाखाली बादली, पाण्यातून वर येणारी कागदी लेबलं.)

नागपूर, मे महिना, दुपारचे अडीच. या वेळी टाकीच्या नळाला येणारं पाणी हात धुवायलाही नको वाटतं. जॅम-लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या पुन्हा वापरायच्या, तर लेबल भिजवायला मात्र हेच पाहिजे, गॅस पेटवायची गरज नाही. बादलीभर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा. बरणीच्या आतही पाणी भरायचं, नाहीतर ती तरंगते आणि लेबल अर्धंच भिजतं. अर्ध्या तासानं अंगठ्यानं ढकललं की कागद असा आख्खा सरकतो.

प्लास्टिकचं लेबल पाण्याला दाद देत नाही. ती बरणी कोरडीच उन्हात तापवायची, कोपरा नखानं उचलायचा आणि सावकाश ओढायचं. घाई केली की लेबल फाटतं, गोंद काचेवर राहतो. त्याला खायचं तेल आणि खायचा सोडा समसमान कालवून लावायचा, पंधरा मिनिटं ठेवायचं, मग सुती फडक्यानं गोल गोल पुसायचं. गोंद तेलानं सैल होतो, सोडा तो खरवडून काढतो. तारेची घासणी नको. काचेला तडा जातो तो बहुतेक वेळा एखाद्या बारक्या ओरखड्यापासूनच.

(दृश्य : उन्हातली बरणी, त्यात फ्रिजचं पाणी. ‘टक्’. दोन सेकंद शांतता.)

गच्चीवरून आणलेली बरणी आधी सावलीत ठेवायची, ती एवढ्यासाठी.

आता झाकण. एवढं धुणं-पुसणं होतं ते बरणीचं, आणि सामान खराब होतं ते झाकणामुळे. जॅमचं हे पत्र्याचं झाकण उलटं करून बघा. कडेला आत वळलेले चार बारके दात आहेत. बरणीच्या तोंडावरच्या तिरप्या आट्यांना ते धरतात. नवी बरणी उघडत नाही म्हणून चमच्याच्या दांड्यानं झाकण उचकटलं, की यातला एखादा दात वाकतो. वरून काही दिसत नाही, पण झाकण एका बाजूनं उचललेलं राहतं. आतल्या कडेनं ही मऊ गोल पट्टी फिरली आहे, हवा अडवते ती हीच. हिच्यावर बरणीच्या काठाचा ठसा सगळीकडे सारखा दिसायला हवा. एका जागी पुसट असेल, तर तिथून हवा जाते.

तपासायला काही लागत नाही. बरणी अर्धी पाण्यानं भरा, झाकण लावा, वर्तमानपत्रावर दहा मिनिटं उलटी ठेवा. कागद ओला झाला तर त्या बरणीत बटणं ठेवा, रवा नको.

वास हाही झाकणाचाच. काचेला लोणच्याचा वास राहत नाही, पण ही पट्टी तो पिऊन बसते. खायच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवा, दोन दिवस ऊन द्या. तरीही लसणाचा वास आला, तर त्या झाकणाखाली साखर-चहापत्ती ठेवायची नाही. नवीन झाकण मिळतं. बरण्या-बाटल्यांच्या ठोक दुकानात जाताना बरणीच सोबत न्यायची, कारण 53 आणि 63 मिलिमीटरची तोंडं नजरेला फसवतात. कॉफीच्या बरणीचं प्लास्टिकचं झाकण भिजत घालू नका. आतली पुठ्ठ्याची चकती सुटते आणि मग ते नुसतं टोपण उरतं.

(दृश्य : पातेल्यात उकळणाऱ्या बरण्या.)

लोणच्यासाठी बरणी उकळायची. पातेल्याच्या तळाला फडकं, बरण्या थंड पाण्यात मांडायच्या आणि पाण्यासोबतच तापू द्यायच्या. उकळी आल्यावर दहा मिनिटं. काढून ओट्याच्या ग्रॅनाइटवर टेकवली की बूड निघालंच म्हणून समजा. जाड कोरड्या कपड्यावर ठेवायची. मग कडक ऊन. थेंबभर पाणी राहिलं तरी बुरशी येते. लोणच्याला पत्र्याचं झाकण नकोच. आतल्या लेपावर चमच्याचा ओरखडा असेल, तर मीठ आणि कैरीचा आंबटपणा तिथूनच पत्रा खातात.

काचेचा दोष एकच, आरपार दिसते. ओट्यावर उजेडात मांडलेलं भिवापुरी तिखट फिकं पडतं आणि जवसाच्या चटणीला खवट वास लागतो, कारण जवसाचं तेल उजेडात आणि हवेत लवकर बिघडतं. ओळीनं मांडलेल्या बरण्या छान दिसतात, खरं आहे. तिखट आणि चटणी तरीही कपाटात. तूर डाळ, साबुदाणा, मुगवड्या खुशाल बाहेर ठेवा.

रिकाम्या बरणीला कबाडी फारसा भाव देत नाही. ती कचऱ्यात गेली, की तिची वाट भांडेवाडीच्या कचरा डेपोची.

(दृश्य : जूनचा पहिला आठवडा. कढईत भाजला जाणारा रवा.)

पावसाआधी रवा भाजून भरायचा. ताटात पसरून पूर्ण गार झाल्यावरच. गरम भरला तर बरणीला आतून घाम येतो आणि गुठळ्या होतात. अर्धा किलो लोणच्याच्या बरणीत अर्धा किलो रवा मावत नाही. लेबलावर लोणच्याचं वजन असतं, बरणीचं माप नव्हे. उरलेल्यासाठी दुसरी बरणी काढा. भरल्याची तारीख काचेवर लिहायची, झाकणावर नाही. झाकणं धुताना अदलाबदल होतात.

(दृश्य : काचेवर मार्करनं लिहिणारा हात. ‘रवा, 6 जून’.)