दहावा माणूस

(दृश्य : अलिबाग, इस्रायल आळी. सिनेगॉगचं उघडं दार.)

हे मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर. बेने इस्रायल या कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली जुनी माणसं याला मशीदच म्हणायची.

आज शनिवार, शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस. पण प्रार्थनेआधी मोजणी होते. ज्यू परंपरेत माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक हिब्रू वचन म्हणायचं, एकेका शब्दाला एकेक माणूस. शब्द संपले की मिन्यान झाला. म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणारे 13 वर्षांवरचे 10 पुरुष.

नऊच भरले तर? ज्यानं त्यानं आपापली प्रार्थना करावी, त्याला कुणाची ना नाही. पण तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढून वाचता येत नाही. आणि कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही.

बाप गेला, की मुलानं 11 महिने कद्दीश म्हणायची. तिच्यात मरणाचा उल्लेखसुद्धा नाही, सगळी देवाची थोरवी. म्हणणारा म्हणतो, बाकीचे ‘आमेन’ म्हणतात. ‘आमेन’ म्हणणारे नसतील, तर ती म्हणायचीच नाही. कुणाला हा नियम निर्दय वाटेल. मला तो शहाणा वाटतो. ज्या दिवसांत दार लावून बसावंसं वाटतं, नेमक्या त्याच दिवसांत धर्म माणसाला नऊ जणांत आणून उभा करतो.

(दृश्य : नवगावचा किनारा.)

समाजाची आख्यायिका सांगते, की इथं गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली. पुढे ही माणसं कोकणातल्या गावांत तेलाचे घाणे चालवू लागली. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर झाली. ग्रंथ नव्हते, हिब्रू जवळपास विसरलेलं. शमा ही प्रार्थना तेवढी तोंडी उरली. सुंता उरली, आणि शनिवारची सुटी. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी पहिलं सिनेगॉग बांधलं ते 1796 साली. त्याआधीची शतकं बिनमंदिराची.

मग धर्म टिकला कसा? एकट्या तेल्यानं शनिवारी घाणा बंद ठेवला असता, तर लोक त्याला आळशी म्हणाले असते. घराघरानं बंद ठेवला, तेव्हा लोकांनी त्यांना नावच दिलं : शनवार तेली.

सणांनाही नावं मराठीच. दारफाळणीचा सण, नव्याचा सण, खिरीचा सण. आणि बिरड्याचा रोजा! उपासाच्या नावातच वालाची उसळ, हे कोकणातच सुचावं.

(दृश्य : मलिद्याचं ताट. पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं.)

मिन्यानमध्ये बायका मोजल्या जात नाहीत. पण एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा करायचा तर पोहे त्यांनीच भिजवायचे, खोबरं त्यांनीच खवायचं. शतकानुशतकं धर्म ज्या घरांत राहिला, त्या घरांचा हिशेब कुठल्या वचनानं मोजायचा, ते तुम्हीच सांगा.

1948 नंतर हा समाज इस्रायलला निघाला. लोद, अश्दोद, दिमोना. तिथं तर बहुतेक सगळे ज्यू. पण तिथल्या धर्मपीठानं यांच्या लग्नांवरच शंका घेतली. आंदोलनं झाली, आणि 1964 मध्ये इस्रायल सरकारनं त्यांना बरोबरीचे ज्यू मानलं. कोकणात ज्यांना कुणी ‘तुम्ही कोण’ म्हणून अडवलं नव्हतं, त्यांना आपल्याच माणसांत मोजलं जाण्यासाठी रस्त्यावर उतरावं लागलं.

इथं आता काही हजार लोक उरलेत, बहुतेक मुंबई-ठाण्यात.

(दृश्य : रेवदंडा, बेथ एल सिनेगॉग. रिकामे बाक.)

भिंतींना रंग देता येतो. छप्पर शाकारायला परदेशातूनही पैसे येऊ शकतात. माणसं मात्र बोलवावी लागतात. कुणाच्या बापाचा वर्षदिन आला, की आधी फोन सुरू होतात : ठाण्याचा चुलतभाऊ येईल का, पनवेलचे मामा येतील का, धाकट्याला 13 पूर्ण झाली का.

(दृश्य : पुन्हा अलिबाग. दारात एक म्हातारा, नजर रस्त्याकडे.)

आत नऊ जण बसलेत.